डावीकडे व्हिडिओ, उजवीकडे आपला हात



'डिजिटल शिक्षण' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात. एक म्हणजे वर्गातला प्रोजेक्टर आणि त्यावर पळणाऱ्या स्लाइड्स. दुसरं म्हणजे पेपरच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कॉटवर आडवं पडून दुप्पट वेगाने पाहिलेला 'वन शॉट' व्हिडिओ. पहिलं सरांचं डिजिटल, दुसरं आपलं! पण दोन्हींत एक गोष्ट अगदी सारखी आहे. शिकणाऱ्याला स्वतः काहीच करावं लागत नाही. स्लाइड सर बदलतात, व्हिडिओ आपोआप पुढे जातो, आणि आपण मान डोलावत राहतो.

माझी रूममेट मानोरा तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणित माझ्यापेक्षा चांगलं. पहिल्या वर्षी सी प्रोग्रॅमिंगचे व्हिडिओ तिने माझ्या दुप्पट पाहिले असतील. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "अवं, पाहतांनी मले सगळं समजते, पण लिहाले बसली की हातच चालत नाही." मी कॉन्व्हेंटची. इंग्रजी व्हिडिओ मला सरळ समजत होते, पण हात माझाही काही फार पळत नव्हता. तेव्हा हा प्रश्न फक्त इंग्रजीचा नाही, हे उघड होतं. पाहताना समजतं आणि करताना येत नाही, हे होतं तरी का?

यावर 2006 साली प्रसिद्ध झालेला एक छान प्रयोग आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत (नावात 'वाशिं' असलं तरी आपल्या जिल्ह्याचा काही संबंध नाही!) रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी तो केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो वाचनाच्या चार फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने वाचनाची एकच फेरी केली आणि पुढच्या तीन फेऱ्यांत कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, त्यांना 83 टक्के भाग आठवला आणि लिहिणाऱ्यांना 71 टक्के. पण हीच परीक्षा एका आठवड्याने घेतली तेव्हा सगळं उलटं झालं. वाचणाऱ्यांचं आलं 40 टक्के आणि लिहिणाऱ्यांचं 61. गंमत पुढेच आहे. आपल्याला किती आठवेल असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच!

म्हणजे ओळखीचं वाटणं वेगळं आणि येणं वेगळं. व्हिडिओ ओळख फार पटकन करून देतो. म्हणूनच तो फसवतो. वेळेचं म्हणाल तर 2014 साली एडएक्सच्या चार कोर्समधल्या सुमारे 69 लाख व्हिडिओ-भेटींची नोंद तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक मध्यात किती वेळ टिकतात? फार तर सहा मिनिटं. आता आपल्या तासभराच्या लेक्चरच्या रेकॉर्डिंगचं काय होत असेल, ते तुम्हीच सांगा.

तर मग डिजिटल साधन चांगलं कसं बनवायचं? महाराष्ट्रात डिजिटल शिक्षण म्हटलं की सगळ्यांना आठवतात ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याच्या कामासाठी ते ओळखले जातात. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांचं उदाहरण मोठंच आहे. पण क्यूआर कोड हे दार झालं. आत गेल्यावर मुलाने काय करायचं, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. ते 'ठरवणं' इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी कुणी बारकाईने केलं असेल, तर ते आपल्या मुंबईतच, आयआयटी बॉम्बेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात. आपल्यापैकी पुष्कळांनी त्याचं सर्टिफिकेट फाइलला लावलेलं आहे. पण ते व्हिडिओ तसेच का आहेत, हे फारसं कुणी पाहिलेलं नाही. मला विचाराल तर सर्टिफिकेटपेक्षा तीच गोष्ट जास्त शिकण्यासारखी आहे.

हा प्रकल्प सुरू केला प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी. ते मूळचे केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. (कॉम्प्युटरवाल्यांनी नोंद घ्यावी!) पैसा आला केंद्र सरकारच्या, माहिती तंत्रज्ञानातून शिक्षण देण्यासाठी 2009 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मिशनमधून. विषय बहुतेक मुक्त सॉफ्टवेअरचे, म्हणजे सी आणि सी प्लस प्लस, पायथन, लिनक्स, लाटेक, सायलॅब, लिब्रेऑफिस वगैरे. एक पाठ साधारण दहा मिनिटांचा. त्यात माणूस दिसत नाही. दिसतो तो फक्त कॉम्प्युटरचा पडदा, आणि मागून एक आवाज सांगत असतो की आता इथे क्लिक करा, आता हे टाइप करा, आता एंटर दाबा.

वरवर पाहिलं तर यात काय विशेष? यूट्यूबवर असे हजारो पडलेत. फरक आहे तो वापरण्याच्या पद्धतीत. इथे व्हिडिओ पूर्ण पडद्यावर लावायचाच नसतो. पडद्याचे दोन भाग करायचे. डावीकडे व्हिडिओ, उजवीकडे खरं सॉफ्टवेअर. व्हिडिओत एक ओळ टाइप झाली की व्हिडिओ थांबवायचा, तीच ओळ आपल्याकडे टाइप करायची, जे उत्तर तिकडे आलं ते इकडे येतं का पाहायचं, मग पुढे जायचं. दहा मिनिटांच्या पाठाला त्यामुळे अर्धा तास सहज लागतो. मुद्दाम तसंच ठेवलंय. दुप्पट वेगाने पाहायची सोयच उरत नाही, कारण हात दुप्पट वेगाने चालत नाहीत!

पाठ बनवण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. आपण व्हिडिओ करायचा म्हटलं की आधी रेकॉर्डिंगचं बटण दाबतो आणि मग "तर... अं... हॅलो फ्रेंड्स" म्हणत सुरू होतो. तिथे आधी संहिता लिहितात. दोन रकाने. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल आणि दुसऱ्यात त्याच वेळी काय बोलायचं. नाटकाचं पुस्तक असतं ना, अगदी तसं. ही संहिता विषयातला जाणकार तपासतो, पण त्याखेरीज एक नवशिक्याही तपासतो. म्हणजे ज्याला ते सॉफ्टवेअर येत नाही, अशा माणसाला संहिता देतात आणि सांगतात की यात लिहिलंय तसं करत जा. तो जिथे अडेल तिथे दोष संहितेचा, त्याचा नाही. हे वाचून मी दोन मिनिटं थांबले. आपल्याकडे मुलगा अडला की "लक्ष कुठे आहे?" असं विचारायची पद्धत आहे. इथे अडणारा माणूस हा चक्क तपासणीचं यंत्र! मल्टिमीटर लावावा तसा नवशिक्या लावायचा आणि सर्किट कुठे तुटलंय ते बघायचं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. सी च्या पाठांमध्ये प्रोग्रॅम व्यवस्थित चालल्यावर सांगणारी व्यक्ती मुद्दाम एक चूक करते. शेवटचा महिरपी कंस काढून टाकते, सेव्ह करते आणि पुन्हा कंपाइल करते. पडद्यावर एरर येतो. मग तो एरर कसा वाचायचा, कितव्या ओळीवर जायचं, हे सांगून कंस परत घालते. आपल्या प्रॅक्टिकलच्या मॅन्युअलमध्ये प्रोग्रॅम असतो आणि आउटपुट असतं, मधला एरर कुठेच नसतो. खऱ्या लॅबमध्ये मात्र निम्मा वेळ त्या लाल अक्षरांशीच झगडण्यात जातो. जिथे मुलं हमखास अडतात, तीच जागा मॅन्युअलने वगळलेली! पाठाच्या शेवटी एक असाइनमेंट असते, आणि शंका विचारायची तर कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला अडलो ते सांगून विचारता येते. "सर, काहीच समजलं नाही" यापेक्षा "चार मिनिटं वीस सेकंदांना जे केलं ते माझ्याकडे होत नाही" हा प्रश्न कितीतरी सोपा, विचारायलाही आणि सोडवायलाही.

आता आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. हे पाठ मराठीसह वीसेक भारतीय भाषांत आहेत. पण ते भाषांतर अर्धंच केलेलं आहे, आणि ते अर्धं ठेवणंच शहाणपणाचं आहे. आवाज मराठी आहे, पडदा मात्र इंग्रजीच आहे. मेनू इंग्रजी, कोड इंग्रजी, एररही इंग्रजी.

याचा एक फायदा बनवणाऱ्यांचा. व्हिडिओ एकदाच करायचा आणि भाषेगणिक फक्त आवाज बदलायचा. मूळ संहितेवर वेळ टाकलेली असते, त्या वेळेत बसेल एवढंच वाक्य मराठीत बोलायचं. पण खरा फायदा शिकणाऱ्याचा आहे. नोकरीच्या जागी सॉफ्टवेअर इंग्रजीतच असणार, इंटरव्ह्यू बहुतेक इंग्रजीतच होणार. तेव्हा ते शब्द डोळ्यांखालून जायलाच हवेत. पण 'असं का?' हे समजायला डोक्याला घरची भाषा लागते. स्पोकन ट्युटोरियलने ही दोन कामं वेगळी केली. डोळ्यांना इंग्रजी, कानांना मराठी.

माझ्यासारख्या कॉन्व्हेंटच्या मुलीला हे आधी विचित्रच वाटलं. 'व्हेरिएबल'ला मराठीत काय म्हणतात मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नाही. पण रूममेटच्या शेजारी बसून मी फॉर लूपचा पाठ मराठीत ऐकला तेव्हा लक्षात आलं, की मराठी पाठात 'व्हेरिएबल'ला व्हेरिएबलच म्हणतात! बदलतं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं: 'आधी', 'नंतर', 'जोपर्यंत', 'नाहीतर', 'प्रत्येक वेळी'. लूप समजायचा म्हणजे हे पाच-सहा शब्दच तर समजायचे असतात. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून आली म्हणून तिला लॉजिक कमी होतं असं नाही. 'अनलेस' आणि 'अंटिल' यांच्यात तिचा जो अर्धा सेकंद जायचा, तेवढ्यात व्हिडिओ पुढे निघून जायचा, एवढंच. सहा व्हिडिओंनंतर ते अर्धे सेकंद साठून एक अख्खं युनिट होतं, आणि सेमिस्टरच्या शेवटी त्याचं एटीकेटी होतं.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. आपल्या सहा तालुक्यांतून येणाऱ्या किती मुलामुलींची ही गोष्ट आहे, ते हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी विषय राहतात, मग वर्ष जातं, मग घरून फोन येतो की सोयाबीनचं असं झालं, फी कुठून भरायची. पहिल्या सेमिस्टरला आमच्या मजल्यावर असलेल्या दोघी आज इथे नाहीत. त्या 'ढ' नव्हत्या.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर ही जाहिरात व्हायची. हे पाठ रंजक मुळीच नाहीत. आवाज सरळ एका सुरात चालतो, विनोद नाही, म्युझिक नाही. सी चे पाठ उबुंटूच्या 2011 सालच्या आवृत्तीवर केलेले आहेत, त्यामुळे पडदा जुनाट दिसतो आणि आपल्या मशीनवर एखादी गोष्ट वेगळ्या जागी सापडते. त्याहून मोठी अडचण म्हणजे 'बाजूबाजूला करा' यातही चोरवाट आहेच. जे दिसतं ते न समजता टाइप करत गेलं तरी आउटपुट येतं! हात चालतो, डोकं बंद. आणि एखाद्या ठिकाणी हे सगळं एका दुपारच्या वर्कशॉपमध्ये उरकतात, मोठ्या पडद्यावर एकच व्हिडिओ लावतात, सगळे बघतात, शेवटी टेस्ट देतात. मग तो पुन्हा सिनेमाच झाला.

या चोरवाटेवरचा उपायही आयआयटी बॉम्बेतच सापडतो. तिथे शैक्षणिक तंत्रज्ञान हा वेगळा विषयच शिकवतात. प्रा. सहाना मूर्ती आणि प्रा. श्रीधर अय्यर यांच्या गटाने ऑनलाइन कोर्ससाठी जी रचना मांडली, तिच्यात व्हिडिओच्या मध्येच एक थांबा असतो. त्याला ते 'रिफ्लेक्शन स्पॉट' म्हणतात. शिक्षक प्रश्न टाकतो, व्हिडिओ थांबवून उत्तर लिहायला सांगतो, आणि मगच पुढे त्यावर बोलतो. उदाहरणार्थ, "एंटर दाबण्याआधी कागदावर लिहा, आउटपुट काय येईल?" एवढं एक वाक्य घातलं की न समजता टाइप करणारा पकडला जातो. स्वतःकडूनच पकडला जातो, हे बरं. सगळ्यांसमोर लाज नाही!

वर्गातही हेच करता येतं, आणि त्याला प्रोजेक्टरसुद्धा लागत नाही. 'थिंक-पेअर-शेअर' नावाची पद्धत फ्रँक लायमन यांनी 1981 मध्ये अमेरिकेत मांडली. प्रश्न टाकायचा, आधी प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, मग शेजाऱ्याशी ताडून बघायचं, मग सगळ्या वर्गात चर्चा. आयआयटी बॉम्बेच्या पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात दहा आठवडे, अशा तेरा वेळा, निरीक्षक बसवून पाहिलं की मुलं खरोखर काय करतात. 2013 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सरासरी 83 टक्के मुलं कामात गुंतलेली होती. म्हणजे लिहीत होती, शेजाऱ्याशी त्याच प्रश्नावर बोलत होती किंवा चर्चा ऐकत होती. आपल्या दुपारच्या जेवणानंतरच्या लेक्चरला शेवटच्या तीन बाकांवर हा आकडा किती निघेल, याचा अंदाज प्राध्यापक मंडळींनी खाजगीत करावा! पहिली पायरी एकट्याने लिहायची आहे, हे मात्र विसरायचं नाही. ती गाळली की शेजारचा हुशार मुलगा उत्तर सांगतो आणि दुसरा "हो, हेच माझंही" म्हणतो.

चॅटजीपीटीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. जर्नल लिहायला सध्या अर्धं हॉस्टेल तेच वापरतं, लपवण्यात अर्थ नाही. तेही वरच्या प्रयोगातल्या वाचणाऱ्या गटासारखंच आहे. उत्तर इतकं स्वच्छ येतं की आपल्याला येतंय असंच वाटतं. उलट वापर करून बघा. त्याला म्हणा, उत्तर देऊ नको, माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक कितव्या ओळीत आहे तेवढंच सांग. किंवा मला आधी प्रश्न विचार. साधन तेच, पण कामाला कोण लागलं ते बघा.

हे सगळं लिहिण्यामागे एक हेतू आहे. आम्ही चौघीजणींनी मिळून पहिल्या वर्षासाठी सी चे काही छोटे पाठ करायचं ठरवलं आहे. पाठ आपल्या लॅबच्या मशीनवर, आपल्याच कंपायलरवर, आपल्याच मॅन्युअलमधल्या प्रॅक्टिकलचे. आधी संहिता, दोन रकान्यांत. पहिला विषय पॉइंटर, कारण सगळ्यात जास्त रडारड तिथेच होते. रूममेटने त्याची सुरुवात लिहिली आहे. हॉस्टेलमधली मुलगी म्हणजे व्हॅल्यू. ती ज्या रूममध्ये राहते त्या रूमचा नंबर म्हणजे अ‍ॅड्रेस. आणि तो नंबर लिहिलेली चिठ्ठी ज्या खिशात आहे, तो खिसा म्हणजे पॉइंटर. चिठ्ठी हातात असली म्हणजे मुलगी भेटली असं नाही, त्या नंबरच्या रूममध्ये जावं लागतं, आणि ते जाणं म्हणजे ती चांदणीची खूण. आत गेलो आणि रूम रिकामी निघाली तर? तिथेच आमचा पहिला थांबा आहे. आवाज तिचाच, वऱ्हाडी हेल तसाच ठेवणार. "मायबाई, हे असं कोण बोलते व्हिडिओत!" असं ती अजून म्हणते, पण दोन पानं बोलून झाली आहेत.

इंटरनेटचं बंधन ठेवलेलं नाही. फायली पेनड्राइव्हवर किंवा लॅबच्या मशीनवरच राहतील. एका पाठाची लांबी आठ मिनिटांच्या आत. मध्ये निदान दोन थांबे. एक मुद्दाम केलेली चूक, त्यातही स्कॅनएफमध्ये अँपरसँड विसरल्याची नक्कीच, कारण तिथे कंपायलर फार तर एखादी वॉर्निंग देतो, ती कुणी वाचत नाही, आणि चालवल्यावर प्रोग्रॅम आडवा होतो. प्रत्येक संहिता रेकॉर्ड करण्याआधी नवशिक्याकडून तपासली जाईल.

त्यासाठीच नवशिके हवे आहेत. सिव्हिल आणि मेकॅनिकलची पहिल्या वर्षाची मुलंमुली चालतील, सी अजिबात येत नसेल तर उत्तमच. मराठी माध्यमाची दोन-तीन जणं तरी हवीतच. काम एवढंच की संहिता समोर ठेवून त्यात लिहिलंय तसं करत जायचं आणि जिथे अडाल तिथे पेन्सिलने रेघ मारायची. लॅबच्या काकांनी रविवारी सकाळी दहा ते बारा दार उघडून द्यायचं कबूल केलं आहे. वीज गेली तर त्या दिवशी कागदावरच कोड तपासू. हेडफोन मात्र स्वतःचे आणा, लॅबमधल्या निम्म्या हेडफोनना एकाच कानाने ऐकू येतं.